फिनलंडमधल्या एका खेड्यातला लोकसंगीत महोत्सव - कौस्तिनेन

कापूसकोंड्या

मंडळी नमस्कार. एकदा वेचणी सुरू झाली की डोकं वर काढाले फुरसत राहत नाही, म्हणून आताच लिहून टाकतो. यंदा जुलैत आम्ही दोघं नवरा-बायको लेकीकडे फिनलंडले जाऊन आलो. जुलै म्हणजे इकडे डवरणी, निंदण, युरियासाठी धावपळ, अन् अशात कास्तकार गाव सोडून फॉरेनले चालला म्हटल्यावर पारावर जे व्हायचं ते झालंच. "पऱ्हाटीले खत तिकडूनच देशीन काय" असं एकानं तोंडावर विचारलं. धाकट्या भावानं सारं सांभाळलं म्हणून जमलं.

लेक तांपेरेले नोकरीले आहे. तिले माहीत आहे की मी गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतो, म्हणून बाबाले म्युझियम-चर्च दाखवत फिरवण्यापेक्षा कौस्तिनेनले न्यायचं हे तिनं आमचं तिकीट काढायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. तांपेरेहून रेल्वेनं कोक्कोला, तिथून रस्त्यानं पन्नास किलोमीटरच्या आतच. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर शेजारच्याच गावी, त्यांच्या अंगणातल्या लाकडी खोलीत आमचा मुक्काम.

गावाची वस्ती चार-साडेचार हजार, म्हणजे आपल्याकडचं आठवडी बाजार भरणारं गाव समजा. सपाट जमीन, जव, ओट, बटाटा, दुभत्या गाई, बाजूनं पेर्हो नदी. डोंगर औषधाले नाही. अशा गावात १९६८ पासून दर जुलैत लोकसंगीताचा महोत्सव भरून राहिला, अन् २०२१ मध्ये युनेस्कोनं इथल्या व्हायोलिन वाजवायच्या परंपरेले वारशाच्या यादीत घेतलं. परंपरा अडीचशे वर्षांची. बहुतेक चाली लग्नातल्या, कारण जुन्या काळी लग्न दिवसच्या दिवस चाले अन् वाजवणारे लागतच. नोटेशन येवो न येवो, ऐकून ऐकून उचलायचं अन् वाजवायचं.

आता स्टेजवर जे होतं ते तं चांगलंच होतं. मोठमोठी मंडळी येतात, दुसऱ्या देशातलीही येतात, साऊंड एक नंबर, छातीत धडधड होत नाही अन् शब्द न् शब्द कळते (कळते म्हणजे ऐकू येते, भाषा कोणाले कळते बाप्पा). पण मले जे सांगायचं आहे ते स्टेजच्या बाहेरचं. स्टेजवरून उतरलेला माणूस पेटीत व्हायोलिन ठेवून घरी जात नाही. तो बाहेर झाडाखाली जाते, तिथं आधीच चार जण वाजवत असतात, त्याच्यात घुसते. पार्किंगमध्ये वाजवून राहिले, खाण्याच्या टपरीमागं वाजवून राहिले, बाथरूमच्या लायनीत उभी असलेली एक बाई चाल गुणगुणत होती तं मागच्या दोघी तिच्यात मिळाल्या. रात्रीचे अकरा वाजले तरी उजेड असते तिकडे त्या दिवसांत, म्हणून आता थांबा म्हणायले सूर्यही तयार नाही.

एका घोळक्यात मी बराच वेळ उभा राहिलो. चार व्हायोलिनं, एक मोठं उभं बास, अन् मधात चक्क हार्मोनियम! आपल्यासारखी हातपेटी नाही, पायानं भाता मारायची. दोन्ही हात मोकळे, म्हणून डाव्या हातानं खर्ज अन् उजव्यानं वरचा भरणा. कोपऱ्यात एक म्हातारबाबा होते, त्यांच्या बुटाकडेच माझी नजर. टाच टेकलेली अन् चवडा लाकडी फळीवर आपटे, तासाभरापूर्वी पाऊस येऊन गेला होता त्यामुळे दर आपटीले फळीवरचं पाणी त्यांच्याच पँटीवर उडे, पण बाबाले पत्ता नाही. तबला नाही, ढोलकी नाही, ठेका पुरा त्या बुटात. आमच्या मंडळातल्या पेटीवाल्याले हा व्हिडिओ दाखवला तं तो म्हणे, "त्याले दोन हात आहेत भाऊ, मले एकच."

अन् लेकरं. सहा-सात वर्षांपासूनचे पोट्टे-पोट्टी, शंभराच्या वर असतील, सगळे एकाच वेळी व्हायोलिन घेऊन उभे. मले वाटलं आता कान किटतात. पण नाही किटले. त्याचं कारण लेकीनं मैत्रिणीले विचारून सांगितलं. मौनो यार्वेला नावाचे इथलेच वादक आहेत, त्यांनी १९८० च्या दशकात ही शिकवणी बसवली. एकच चाल घेतात अन् तिचे थर करतात. ज्याले काहीच येत नाही तो बोट न लावता मोकळी तार ओढते, तेही ठरलेल्या मात्रेवर. ज्याले जरा येते तो सोपा सूर धरते, ज्याले चांगलं येते तो मूळ चाल वाजवते, त्याच्यावरचे दुसरी बाजू वाजवतात. म्हणजे पहिल्या दिवशी आलेलं लेकरूही मोठ्यांच्या संगं एकाच गाण्यात असते. "तू आधी दोन वर्षं शिक, मग बसजो आमच्यात" असं नाही. मधात एखादा आजोबाही त्याच रांगेत मोकळी तार ओढताना दिसला.

मी आपली फायबरची खंजिरी नेली होती. पहिल्यांदा लाज वाटली, मग त्या बास वाल्यानंच हातानं ये म्हटलं. वॉल्ट्झ सुरू होता, तीन-तीन मात्रा, आपला दादरा चपखल बसला. पोल्का तं केरव्यात आरामात जाते. पण पोलस्का नावाचा जो प्रकार आहे तोही तीनचाच, तिथं मात्र दादरा सांडून जाते, कारण त्यांचे पाय पहिल्या अन् तिसऱ्या मात्रेवर पडतात अन् दुसरी कुठं लांबली ते कळतच नाही. तिथं मी नुसती झांज हालवत राहिलो.

कोणाले जायचं असन तं विचारा, जमन तसं सांगीन.

तर्रीपोहा

वा भाऊ! जुलैत शेत सोडून जायची हिंमत केली त्याबद्दल आधी सलाम. पोलस्काचा किस्सा भारी. फोटो कुठे आहेत? आणि खर्चाचं जरा मोकळेपणानं लिहा, इथे सगळे 'खूप सुंदर अनुभव' लिहितात आणि पैशाचं विचारलं की गप्प बसतात. व्हिसाला नागपूरहून कुठं जावं लागलं? आणि शेतकऱ्याला कागदपत्रं काय मागतात हे तर नक्की सांगा, माझे वडील इन्कम टॅक्स रिटर्न भरतच नाहीत, शेतीचं उत्पन्न आहे सगळं, एजंट म्हणतो अशानं होणार नाही.

पऱ्हाटी

काकूंबद्दल काहीच लिहिलं नाही तुम्ही! त्या काय नेसल्या, थंडी वाजली का, करमलं का? आणि शाकाहारी माणसाचं तिकडे काय होतं? माझ्या सासूबाई अंडं लागलेल्या पातेल्यातलं पाणीसुद्धा पीत नाहीत, त्यांना न्यायचं घाटतंय आमच्याकडे.

कापूसकोंड्या

@तर्रीपोहा, दोघांचं विमान, व्हिसा, विमा सारं धरून माणशी लाखाच्या बरंच वर गेलं, तेही राहणं-खाणं लेकीकडे म्हणून. हॉटेलात राहून करायचं तं हिशोब वेगळाच होईन. महोत्सवाचं तिकीट वेगळं, दिवसाचा पट्टा हातात बांधतात.

व्हिसा शेंगेनचा, त्याची फी मोठ्या माणसाले ९० युरो आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येते अन् कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी करावाच लागते, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून होळी झाली की लागा कामाले. विमा कमीत कमी ३०,००० युरोचा पाहिजे. बोटांचे ठसे द्यायले आम्ही मुंबईले गेलो. रिटर्न माझंही नाही. मी सातबारा, आठ-अ, बँकेचं स्टेटमेंट, जिनिंगमध्ये कापूस दिल्याच्या पावत्या अन् लेकीचं बोलावण्याचं पत्र, तिची पगाराची स्लिप असं सारं इंग्रजीत करून नोटरी करून दिलं. माझं झालं. दुसऱ्याचं होईनच असं मी कसं सांगू, पण एजंट सांगते तेवढं घाबराचं कारण नाही.

@पऱ्हाटी ताई, बायको नऊवारी नेसली, वरून लेकीचं जाकीट, पायात लोकरीचे मोजे अन् बूट. गावच्या बाया त्यांच्या पारंपरिक पट्ट्यापट्ट्याच्या घागऱ्यात होत्या, त्यांना हिच्या काष्ट्याचं भल्लं कौतुक. दोघी-तिघींनी मागून फिरून पाहिलं, कुठं खोचलं आहे ते. दिवसा ऊन निघालं की आपल्या जानेवारीसारखं, ढग आले की एकदम गारठा, म्हणून रेनकोट अन् स्वेटर दोन्ही पाहिजेच. डास आहेत, चांगले दणकट.

खाण्याचं म्हणाल तं शाकाहारी माणूस उपाशी मरत नाही. नवे बटाटे उकडून लोणी-शेपू टाकून देतात, शेपूची भाजी आवडत नसन तरी ते आवडते. पातळ धिरड्यासारखं लेट्टू मिळते पण त्यात अंडं असते, तुमच्या सासूबाईले चालणार नाही. स्ट्रॉबेरी अन् मटाराच्या शेंगा लिटरच्या मापानं विकतात! आपल्याकडे पायलीनं मोजायचे तसंच. शेंगा तिथंच सोलून कच्च्या खातात लोक, चालता चालता. मासा सगळीकडे, तेव्हा विचारल्याशिवाय सूप घेऊ नका. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

झाडीचा_माणूस

लेख चांगला लिवला जी. पन मले एक सांगा, याच्यासाठी एवढ्या दूर जाची गरज का होती? दिवाळी झाली का आमच्याइकडं भंडारा-गोंदिया भागात गावोगावी मंडई, म्हनजे जत्रा, भरते. भाऊबीजेपासून सुरू होते ते आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, नातेवाईक येतात, दिवसा मंडई अन् रातभर दंडार नाहीतर खडी गंमत, म्हनजे आमच्याइकडची लोकनाट्यं. उघड्यावर, फुकट, तिकीट नाही का पट्टा नाही. ढोलकी, डफ, टुनटुना अन् नाच्या, पहाट होते तवा बंद होते. दंडारीत काम करनारे सगळे कास्तकार, धान कापून आलेले. तुमी ज्याले स्टेजबाहेरचं म्हनता ना, आमच्याकडं स्टेजच नसते तं बाहेर का अन् आत का.

अन् झाडीपट्टीची, म्हनजे आमच्या पूर्व विदर्भाची, नाटकं तर पुरा धंदाच आहे. वडसा (देसाईगंज) मधी कंपन्या, दिवाळीपासून होळीपर्यंत बुकिंग फुल. पटासंग (बैलांच्या शर्यतीसंग) नाटक रायते. २०१४ ले बैलांच्या शर्यतीवर बंदी आली तवा वाटलं आता नाटकही बुडते, पन पट नाही तरी नाटक झालं. २०२३ ले सुप्रीम कोर्टानं शर्यतीचा कायदा मान्य केला, आता दोनी चालू. त्याच वर्षी गडचिरोलीचे झाडीपट्टी नाटकातले कलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री भेटली. युनेस्को नाही आलं आमच्याकडं, पन पब्लिक येते ना जी.

टोमणेबाज

चला, अजून एक 'गोऱ्यांचं बघा किती छान' धागा. चार हजारांच्या गावात शंभर पोरांच्या हातात व्हायोलिन द्यायला सरकारकडे पैसा आहे, म्हणून पोरं वाजवतात. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षक, चार वर्ग, त्यातला एक कायम कुठल्या ना कुठल्या सर्व्हेला, तिथं कोण मोकळी तार ओढायला शिकवणार? आणि इकडे जो खरा गाणारा आहे त्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे. आधी भाव द्या कापसाला, मग महोत्सव भरवू.

तर्रीपोहा

@टोमणेबाज कापसाच्या भावाचा धागा वेगळा आहे आणि तिथेही तुम्हीच पहिले असता :)

उत्तरेकडची_वऱ्हाडीण

मीच ती लेक. बाबांनी धागा काढला हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर मावशीकडून कळलं.

काही गोष्टी बाबांनी गाळल्यात. एक, आई नाचली. स्टेजपुढच्या लाकडी फळ्यांवर सगळे जोड्यांनी नाचत होते, एका आज्जीनं आईचा हात धरून ओढलं. आईला फुगडी येते, पाय आपोआप पडले. बाबा तेव्हा सोयीस्करपणे पाणी आणायला गेले होते. दोन, सौना, म्हणजे घाम काढायची तापवलेली खोली. मैत्रिणीच्या मामांनी खास आमच्यासाठी तापवला होता, बाबा म्हणाले मे महिन्यात मी फुकटात यवतमाळ जिल्ह्यात असतो, मला पैसे देऊन घाम काढायची गरज नाही. गेलेच नाहीत.

आणि @टोमणेबाज दादा, पैशाचा मुद्दा खरा आहे, इथे संगीतशाळेला सरकारी मदत मिळते, नाकारत नाही. पण ही परंपरा श्रीमंतीतून आलेली नाही. याच भागातली क्रेता हापासालो (१८१३-१८९३) म्हणून एक बाई होती, कांतेले वाजवणारी. कांतेले म्हणजे मांडीवर घेऊन तारा छेडायचं वाद्य. घरी प्रचंड गरिबी, पदरात खूप मुलं, म्हणून ती वाद्य घेऊन गाणं म्हणत हेलसिंकीपर्यंत जायची, पुढे सेंट पीटर्सबर्ग, स्टॉकहोमपर्यंत गेली, आणि त्या कमाईवर घर चाललं. ते सगळं मला तिथेच एका काकूंनी सांगितलं, तेही अशा रागानं की जणू त्या बाईचे हाल त्यांनी स्वतः पाहिले होते. इथल्या कोन्स्टा युल्हॅ (१९१०-१९८४) यांच्या चाली आजही लहान पोरं वाजवतात, त्या पिढीनं तर युद्धं, टंचाई सगळं पाहिलं. महोत्सवात कामं करणारेही बहुतेक स्वयंसेवकच, गेटवर पट्टा बांधणारा मुलगा त्याच गावचा.

फोटो टाकते. आईच्या नाचाचा व्हिडिओ आहे, पण परवानगी मिळालेली नाही.

पऱ्हाटी

काकूंची परवानगी मिळवाच! फुगडीवर फिनलंडची आज्जी, अजून काय पाहिजे.

गिरगावात_अडकलेला_अकोलेकर

ज्यांना युरोप परवडत नाही त्यांच्यासाठी एक वेगळं ठिकाण सांगतो. मलेशियाच्या सारावाकमध्ये कुचिंगजवळ रेनफॉरेस्ट वर्ल्ड म्युझिक फेस्टिवल होतो, १९९८ पासून. सांतुबोंग डोंगराच्या पायथ्याशी सारावाक कल्चरल व्हिलेज आहे तिथे, मागे जंगल, बाजूला समुद्र. ऑफिसच्या कामाने क्वालालंपूरला होतो तेव्हा वीकेंड जोडून गेलो होतो. संध्याकाळी मोठ्या स्टेजवर कार्यक्रम, पण दुपारी तिथल्या लाँगहाऊसमध्ये वर्कशॉप असतात, म्हणजे वेगवेगळ्या देशांचे चार-पाच ढोलवाले एका खोलीत बसवतात आणि म्हणतात करा आता काय करायचं ते. मला तेच जास्त आवडलं. तिथलं सापे नावाचं वाद्य आहे, होडीसारखं कोरलेलं लांब लाकूड आणि त्यावर तारा, आवाज इतका मऊ की समोर बसूनच ऐकावं, लांबून काही कळत नाही.

भारतीयांना सध्या मलेशियाला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मात्र जाण्याआधी तपासून घ्या, हे नियम बदलतात. आणि क्वालालंपूरहून कुचिंगला देशांतर्गत विमानाने गेलात तरी सारावाकचं इमिग्रेशन वेगळं आहे, पासपोर्टवर पुन्हा शिक्का मारतात, तेव्हा तो चेक-इन बॅगेत टाकू नका. पाऊस आला की चिखल. पोळ्याच्या दिवशी आपल्या गावात असतो तसला. जुने बूट न्या आणि तिकडेच सोडून या.

खंजिरी_भजन

धागा मन लावून वाचला. मी अमरावती जिल्ह्यातला, तीस-पस्तीस गावांत भजनाला जातो. कापूसकोंड्या भाऊ, लेकरांचं जे लिहिलंत त्यावर दोन शब्द.

आपल्याकडे हे अगदीच नाही असं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरं उन्हाळ्याच्या सुट्टीत होतात, तिथं मुलांना खंजिरी, भजन, सामुदायिक प्रार्थना शिकवतात. मी स्वतः तिथंच शिकलो. मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला या एकदा, गावोगावच्या भजनी दिंड्या येतात, आणि त्यांच्या निर्वाणाच्या वेळेला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, एवढा अफाट जनसमुदाय एकदम स्तब्ध होतो. उघड्यावरचा महोत्सव म्हणाल तर याहून मोठा कोणता! आणि खंजिरी परदेशात तुमच्या आधी जाऊन आली आहे बरं का, तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला धर्मपरिषदेला गेले होते तेव्हा.

पण शिबिर संपलं की पोरगं घरी येतं आणि गावच्या मंडळात त्याला जागा नसते, हे मात्र खरं. मंडळातली माणसं पन्नाशीच्या पुढची, मुलगा आला तर टाळ देतात हातात आणि 'मागं बस' म्हणतात. दोन-तीन गुरुवार येतो, मग येत नाही. पुढे तोच पोरगा वरातीत बेंजो पार्टीत दिसतो, आणि तिथं तो छान वाजवत असतो.

एक महत्त्वाचं. खंजिरी परदेशात नेणाऱ्यांनी फायबरचीच न्यावी. जुन्या खंजिऱ्या घोरपडीच्या कातड्याच्या असतात, आजोबांची म्हणून जपून ठेवलेली कोणाकडे असेल. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कडक संरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. विमानतळावर सापडलात तर भजन राहील बाजूला. बकऱ्याच्या कातड्याचीही नको, युरोपात प्राण्यांच्या वस्तूंवर प्रश्न विचारतात आणि शिवाय ओल्या हवेत ती उतरते, फायबरवाली उतरत नाही.

झाडीचा_माणूस

खंजिरीवाले दादा, बरोबर बोलले जी. आमच्या खडी गंमतीतही तेच. शाहीर साठीचा, ढोलकीवाला पंचावनचा, नाच्याच तेवढा जवान. तो नाच्याही म्हनते लग्न ठरलं का सोडतो. दंडारीत मात्र पोट्टे आहेत अजून, कारन दंडारीत गावातला कोनीबी घुसते, घरचेच लोक रायतात. मंडई जोरात आहे पन वाजवनारे तेच ते, हे मान्य करतो.

कापूसकोंड्या

@झाडीचा_माणूस, तुमचं मंडईचं शंभर टक्के खरं. मी लहानपणी मामाच्या गावी दंडार पाहिली आहे, अंगावर घोंगडं घेऊन झोप येईपर्यंत. अन् तुमची गोष्ट अन् कौस्तिनेनची गोष्ट एकच आहे असंच मले वाटते. तिकडेही १९६८ च्या आधी काय महोत्सव होता? लग्नात वाजवणारे कास्तकारच होते. फरक मले एवढाच दिसला की त्यांनी दंडारीसारखं 'कोणीबी घुसते' हे शिकवणीत आणलं, ज्याले येत नाही त्याच्यासाठीही गाण्यात जागा करून ठेवली. आमच्या भजनात तशी जागाच नाही. टाळ देऊन मागं बसवणं ही जागा नव्हे, खंजिरीवाले दादा म्हणतात ते अक्षरशः आमच्या मंडळात घडते.

@टोमणेबाज भाऊ, कापसाच्या भावाबद्दल तुमच्या संगं आहे. पण याले व्हायोलिन लागत नाही न. खंजिरीचे सोपे बोल अन् एक ध्रुपद, एवढ्यात दहा पोट्टे बसतात. परतल्यावर आम्ही करून पाहिलं. एका भजनाचे तीन थर केले. बारक्यांनी फक्त समेवर एक थाप द्यायची, बाकी हात मांडीवर. जरा मोठ्यांनी साधा केरवा. येणाऱ्यांनी नेहमीचं. पहिल्या गुरुवारी बारक्यांची सम पुढंमागं, म्हातारे वैतागले, पेटीवाल्यानं भाताच बंद केला मधात. दुसऱ्या वेळी माझ्या पुतण्यानं बारक्यांना सांगितलं की सम आली की मी मान हालवतो, माझ्याकडेच पाहा, तं जमलं. आता अडचण वेगळीच आहे, पोरींचे बाप म्हणतात रात्रीचं भजन उशिरा संपते, पोरींना पाठवणार नाही. म्हणून प्रार्थनेच्या वेळेलेच, दिवेलागणीले करायचं चाललं आहे. म्हाताऱ्याइले ती वेळ मंजूर नाही, त्यांची बैलं त्याच वेळी घरी येतात.

टोमणेबाज

बैलं कुठं राहिली भाऊ, ट्रॅक्टर येत असतील.

(पण थरांचं ते बरं आहे. आमच्या गावच्या मास्तराला सांगून बघतो.)

तर्रीपोहा

कोणीतरी तारीख लिहून ठेवा, टोमणेबाज सहमत झाले.

@गिरगावात_अडकलेला_अकोलेकर सारावाकचं वाचून बायकोला दाखवलं, पासपोर्टचं तिनं आधी वाचलं आणि 'हे तुझ्यासाठीच लिहिलंय' म्हणाली. @कापूसकोंड्या पायपेटीचं वाचून आठवलं, आपल्या जुन्या संगीत नाटकांतही पायपेटीच असायची, आमच्या आजोबांच्या नाटक कंपनीचा ग्रुप फोटो आहे त्यात पुढे ठेवलेली दिसते. तेव्हा तुमच्या पेटीवाल्याला सांगा, दुसरा हात मिळू शकतो, जुनी शोधावी लागेल.

कापूसकोंड्या

सांगतो. पण ती उचलून गावोगाव भजनाले कोण नेईन? तिकडे गाडीत टाकतात, आमच्याकडे पेटीवाला हिरो होंडावर मागं पेटी बांधून येते.

झाडीचा_माणूस

कापूसकोंड्या भाऊ, येजा मग यंदा मंडईले. भाऊबीज झाली का साकोली नाहीतर लाखनीपर्यंत या, नागपूरवरून बस भेटते, तिथून कोनत्या गावची मंडई कोनत्या दिवशी ते कोनीबी पानठेल्यावाला सांगते. रातच्याले थंडी रायते, धान कापलेल्या बांदीत बसा लागते, चटई अन् घोंगडं सोबत आना. खंजिरी आना. जेवाचं पाहून घेऊ जी, पन आमच्याइकडं मंडईले मटन रायते, तुमी गुरुदेववाले असान तं आधी सांगजा, वेगळी चूल मांडू.

कापूसकोंड्या

वेगळीच मांडा. बायको अन् भाऊ दोघंही येतो म्हणतात. पहिली वेचणी कधी आटोपते त्याच्यावर आहे, यंदा बोंडं उशिरा फुटून राहिली.

पऱ्हाटी

@उत्तरेकडची_वऱ्हाडीण ताई, सासूबाईंसाठी अजून एक विचारायचं राहिलं. त्यांचे गुडघे दुखतात, तिथं बसायला खुर्च्या असतात का उभंच राहावं लागतं? आणि दिवसभर पाऊस आला तर?

उत्तरेकडची_वऱ्हाडीण

मोठ्या मैदानावर बाकडी आहेत, काही कार्यक्रम हॉलमध्येही असतात, पाऊस आला की लोक तिकडे सरकतात. घडीची हलकी खुर्ची नेली तर झाडाखालच्या घोळक्यांत बसता येतं, आईसाठी आम्ही तेच केलं. चालणं बरंच होतं पण जमीन सपाट आहे. गुडघ्याच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत सोबत ठेवा. आणि खायला घरून पोळ्या-चटणी नेल्यात तरी दूध-तुपाचे पदार्थ भारतातून आणू नका, इथे येऊ देत नाहीत. आईचे तुपातले लाडू यवतमाळलाच राहिले, शेंगदाण्याची चटणी मात्र आली.